कंपन्या बिटकॉइन गोळा करतात, म्हणून भाव वाढतच जाणार का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "जगभरच्या कंपन्यांत बिटकॉइन साठवायची चढाओढ लागली आहे. एकूण नाणी २ कोटी १० लाखच निघणार. कंपन्या ती घेऊन बसल्या की बाजारात माल उरणार नाही आणि भाव वरच जाईल, हे बरोबर ना? आणि बरोबर असेल, तर थेट नाणी घेण्याऐवजी अशा एखाद्या कंपनीचा शेअर घेतला तर आपल्याकडचा ३० टक्के कर वाचेल का?"

माल कमी होतो हे खरं. पण भाव कुठे जाईल ते त्यावरून कळत नाही. कुठल्या कंपनीकडे किती नाणी आहेत याचे तक्ते रोज फिरतात, त्यांकडे मी फारसं बघत नाही. नाणी घ्यायला पैसा कुणी दिला, कशाच्या आशेवर दिला आणि तो देणं कधी थांबवेल, हे आधी पाहतो. कंपन्यांच्या ट्रेझरीत, म्हणजे पैशाची तजवीज बघणाऱ्या खात्यात, माझी उमेदीची वर्षं गेली. ताळेबंदातली मालमत्ता सगळे कौतुकाने बघतात, पण कंपनी बुडते ती देण्यांमुळे.

सुरुवात मायक्रोस्ट्रॅटेजीपासूनच करावी लागते. आता तिचं नाव नुसतं 'स्ट्रॅटेजी' आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातली ही सॉफ्टवेअर कंपनी. ऑगस्ट २०२०मध्ये तिचे संस्थापक मायकेल सेलर यांनी कंपनीच्या शिलकीतले २५ कोटी डॉलर घालून २१,४५४ बिटकॉइन घेतले. इथवर फार काही घडलं नव्हतं. घरचा पैसा होता, त्यांनी तो हवा तिथे लावला. खेळ बदलला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. ६५ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे काढले, व्याज पाऊण टक्का, आणि आलेली रक्कम बिटकॉइनमध्ये घातली. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१मध्ये, आणखी १०५ कोटी डॉलर उचलले. या वेळी व्याज शून्य.

बिनव्याजी पैसे कोण देतं, असं कुणालाही वाटेल. देणारे बिटकॉइनचे भक्त नव्हते, निदान बहुतेक तरी नव्हते. परिवर्तनीय रोख्यात मुद्दल परत मिळण्याचा हक्क असतो आणि शेअर फार वर गेला तर ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचाही. हा दुसरा हक्क म्हणजे ऑप्शनच. शेअर जितका उड्या मारणारा, तितकी ऑप्शनची किंमत जास्त. हेज फंड, म्हणजे श्रीमंतांचा आणि संस्थांचा पैसा खेळवणारे फंड, हे रोखे घेतात, त्याच वेळी कंपनीचे शेअर उसने घेऊन विकतात, आणि मग शेअर वर-खाली होईल तसा तो हिशेब जुळवत राहून त्या चढउतारातून पैसे काढतात. म्हणजे स्ट्रॅटेजीने बाजाराला खरं तर आपल्या शेअरची चंचलता विकली आणि तिच्या बदल्यात बिनव्याजी भांडवल घेतलं. हे बुद्धीचं काम आहे, त्यात वाद नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये तर याच पद्धतीने शून्य टक्क्याने ३०० कोटी डॉलर उभे केले.

यापेक्षाही मोठं हत्यार म्हणजे साधा शेअर. बाजारात सगळे 'एमनॅव' म्हणतात तो आकडा इथे समजून घ्या: कंपनीचं बाजारमूल्य भागिले तिच्याकडच्या नाण्यांची किंमत. समजा, एका कंपनीकडे १,००० कोटी रुपयांची नाणी आहेत, १ कोटी शेअर आहेत, आणि बाजार तिला २,००० कोटींचं मोल देतो आहे. एमनॅव २, शेअरचा भाव २,००० रुपये. कंपनी १० लाख नवे शेअर विकते, २०० कोटी येतात, त्यांची नाणी घेते. आता नाणी १,२०० कोटींची, शेअर १ कोटी १० लाख. दर शेअरमागे आधी १,००० रुपयांची नाणी होती, ती आता १,०९१ रुपयांची झाली. जुना भागधारक खूश. कंपनी याला 'बीटीसी यील्ड' असं गोंडस नाव देते. हे ९ टक्के आले कुठून? नव्या भागधारकाच्या खिशातून. त्याने २,००० मोजले आणि त्याच्या वाट्याला १,०९१ची नाणी आली. तो तरीही का घेतो? उद्या आपल्यानंतरही कुणी तरी असाच येईल आणि मग आपण जुने होऊ, या भरवशावर.

हाच हिशेब एमनॅव ०.८ असताना करून बघा. शेअर ८०० रुपयांना. १० लाख शेअर विकून ८० कोटी आले. नाणी १,०८० कोटींची, दर शेअरमागे ९८२ रुपयांची. शेअर विकून नाणी घेतली की जुन्या भागधारकाचं नुकसान होतं. म्हणजे प्रीमियम, नाण्यांच्या किमतीवर शेअरला मिळणारा जादा भाव, गेला की शेअर विकून खरेदी करण्याचं कारणच उरत नाही. सगळं घोडं अडतं ते इथे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. कंपन्यांच्या खरेदीने भाव वाढतो की भाव वाढल्यामुळे कंपन्यांची खरेदी वाढते? स्ट्रॅटेजीचीच आकडेवारी समोर ठेवा. २०२१च्या अखेरीस तिच्याकडे १,२४,३९१ नाणी होती. २०२२ सालात बिटकॉइन ४७ हजार डॉलरच्या आसपासून १६-१७ हजारांपर्यंत आला. आयुष्यभर साठवायचं असेल तर यापेक्षा चांगला मोसम नाही. त्या अख्ख्या वर्षात साठा वाढला जेमतेम ८,१०० नाण्यांनी. उलट २०२४च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, भाव ७० हजारांवरून लाखाच्या पुढे जात असताना, दोन महिन्यांत जवळजवळ १ लाख ९४ हजार नाणी घेतली. स्वस्ताईत हात आखडलेला आणि महागाईत सैल. सेलर यांचं डोकं फिरलं होतं असं नाही. २०२२मध्ये प्रीमियम नव्हता, म्हणून पैसा नव्हता. २०२४मध्ये प्रीमियम होता, शेअर विकत होते, पैसा वाहत होता, आणि आला तो लगेच लावला जात होता.

नोव्हेंबर २०२४चा एक आठवडा जवळून बघण्यासारखा आहे. १८ ते २४ तारखेदरम्यान कंपनीने ५५,५०० नाणी घेतली, सुमारे ५४० कोटी डॉलरची. एप्रिल २०२४च्या हाविंगनंतर, म्हणजे नव्या नाण्यांचा वेग ठरल्याप्रमाणे निम्मा झाल्यानंतर, जगभरचे सगळे मायनर (संगणक चालवून नवी नाणी मिळवणारे) मिळून दिवसाला साधारण ४५० नवी नाणी काढतात. म्हणजे चार महिन्यांचं उत्पादन एका खरेदीदाराने एका आठवड्यात उचललं. भाव त्या आठवड्यात सुमारे ९० हजारांवरून ९९ हजारांच्या पुढे गेला. परिणाम झाला यात शंकाच नाही. पण कंपनीची सरासरी खरेदी किंमत पडली ९७,८६२ डॉलर, म्हणजे आठवड्याच्या अगदी वरच्या टोकाला. रोख्यांचे पैसे हातात पडले आणि ते ताबडतोब लावायचे होते. मोठा घेणारा स्वतःच स्वतःचा भाव चढवून ठेवतो, हे कापसाच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं.

घोषणेचा परिणाम आणखी वेगळा. ८ फेब्रुवारी २०२१ला टेस्लाने १५० कोटी डॉलरचे बिटकॉइन घेतल्याचं जाहीर केलं आणि एका दिवसात भाव सुमारे ३९ हजारांवरून ४६ हजारांवर गेला. खरेदी जानेवारीतच उरकलेली होती. त्या दिवशी बाजारात शिरले ते टेस्लाचे पैसे नव्हते, टेस्लाकडे बघून शिरलेल्यांचे होते. दीड वर्षात टेस्लाने तीन-चतुर्थांश नाणी ९३.६ कोटी डॉलरला विकून टाकली. २०२५ येईपर्यंत तर स्ट्रॅटेजीची दर सोमवारची घोषणा ही बातमीच राहिली नाही. शेकडो नाण्यांची खरेदी जाहीर व्हायची आणि भाव जागचा हलायचा नाही.

कारण विकणारेही असतात. "मालच उरणार नाही" म्हणणारे नेमके हेच विसरतात. बिटकॉइनच्या बाजारात रोजची नवी ४५० नाणी हा एकमेव पुरवठा नाही. खरा पुरवठा दहा-पंधरा वर्षांपूर्वी कवडीमोलाने घेतलेल्यांकडे आहे. जुलै २०२५मध्ये गॅलेक्सी डिजिटल या क्रिप्टोतल्या वित्तकंपनीने एका अगदी सुरुवातीच्या काळातल्या गुंतवणूकदाराची ८० हजारांहून अधिक नाणी विकून दिली, किंमत ९०० कोटी डॉलरच्या घरात. एक माणूस, ८० हजार नाणी! बाजार थोडा वाकला आणि लगेच सावरला, कारण घ्यायला कंपन्या आणि ईटीएफ (शेअर बाजारात विकले जाणारे बिटकॉइनचे फंड) उभे होते. याची दुसरी बाजू मात्र कमी बोलली जाते: त्या काळात कंपन्यांची बरीचशी खरेदी ही जुन्या लोकांना बाहेर पडायचं दार ठरली. साठा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. पहिल्या हाताला विकायची घाई नव्हती आणि कर्जही नव्हतं. दुसऱ्या हाताच्या मागे रोखेधारक आणि लाभांशाच्या तारखा आहेत.

याहून ठळक दाखला इथरचा, म्हणजे बिटकॉइनखालोखालच्या मोठ्या क्रिप्टो नाण्याचा, आहे. बिटमाइन ही मुळात लहानशी मायनिंग कंपनी. २०२५च्या जूनअखेर वॉल स्ट्रीटवरचे विश्लेषक टॉम ली तिचे अध्यक्ष झाले आणि एकूण इथरच्या ५ टक्के साठा करायचं तिने जाहीर केलं. २४ ऑगस्टच्या सुमारास तिच्याकडे सुमारे १७ लाख इथर होते, भाव ४,९०० डॉलरच्या वर, विक्रमी. डिसेंबरच्या अखेरीस साठा ४० लाखांच्या पुढे गेला, आणि भाव होता ३ हजारांच्या आसपास. एकाच कंपनीने आपला साठा दुपटीहून जास्त केला, एकूण पुरवठ्याच्या ३ टक्क्यांहून अधिक माल खिशात घातला, आणि त्याच चार महिन्यांत भाव ४० टक्क्यांच्या आसपास उतरला. माल संपला की भाव वाढतो, हे सूत्र इतकं सरळ असतं तर असं व्हायला नको होतं.

शिवाय तक्त्यात दिसणारी प्रत्येक 'खरेदी' ही खरेदी असतेच असं नाही. ट्वेंटी वन कॅपिटल ही कंपनी ४० हजारांहून जास्त नाणी घेऊन जन्माला आली, पण त्यांतली बरीचशी टेदर आणि बिटफिनेक्स या क्रिप्टोतल्याच जुन्या कंपन्यांकडून शेअरच्या बदल्यात आलेली. खिसा बदलला, बाजारात नवी मागणी आली नाही. लहान टोकनांच्या, म्हणजे फारशा न चालणाऱ्या क्रिप्टो नाण्यांच्या बाबतीत तर हे सर्रास चालतं: ज्यांच्याकडे न विकली जाणारी टोकनं आहेत ते ती एखाद्या नोंदणीकृत कंपनीत घालतात आणि बदल्यात विकता येणारे शेअर घेतात. अशा कंपनीला साठवणारी म्हणायचं की विक्रीचं दुकान, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बिटकॉइनपुरतं बोलायचं तर शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांकडे मिळून १० लाखांहून जास्त नाणी आहेत. त्यांतली जवळजवळ दोन-तृतीयांश एकट्या स्ट्रॅटेजीकडे, २०२५च्या अखेरीस ६ लाख ७० हजारांच्या पुढे, सरासरी ७५ हजार डॉलरच्या आसपास घेतलेली. तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर असलेली मारा ५० हजारांच्या थोडी पुढे होती, आणि ती स्वतः मायनिंग करणारी. मग चढाओढ कुणाची? एक हत्ती आणि त्याच्यामागे शंभराहून जास्त जण, असं चित्र आहे.

त्या मागच्यांत टोकियोच्या मेटाप्लॅनेटची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. ही पूर्वी हॉटेलं चालवणारी कंपनी. एप्रिल २०२४मध्ये १०० कोटी येनची नाणी घेऊन सुरुवात केली आणि सप्टेंबर २०२५अखेर ३० हजारांच्या पुढे गेली. जपानी माणसाने तिला एवढा प्रीमियम का दिला? तिथे थेट क्रिप्टोच्या नफ्यावर ५५ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, शेअरवर सुमारे २० टक्के. म्हणजे लोक बिटकॉइनला कर वाचवणारं वेष्टन घालून घेत होते आणि त्या वेष्टनाचे जादा पैसे मोजत होते. पुढे काय झालं बघा. शेअरचं शिखर जून २०२५मध्ये झालं. बिटकॉइनचं शिखर, १ लाख २६ हजार डॉलरचं, ६ ऑक्टोबरला. या दोन तारखांच्या मधे बिटकॉइन चढला आणि मेटाप्लॅनेटचा शेअर दोन-तृतीयांशाहून जास्त घसरला. ऑक्टोबरमध्येच तिचा एमनॅव १च्या खाली गेला आणि नाणी घेणाऱ्या कंपनीने स्वतःचेच शेअर परत घेण्याची योजना जाहीर केली. ज्याने जूनमध्ये कर वाचवायला शेअर घेतला, त्याचा बिटकॉइनबद्दलचा अंदाज बरोबर ठरूनही पैसे गेले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः यातच आहे. आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, १ टक्का टीडीएस, आणि तोटा कशातही वळता करता येत नाही. परदेशी शेअर मात्र २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के. त्यामुळे एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, पैसे पाठवून स्ट्रॅटेजीचा शेअर घ्यायची कल्पना पुण्या-मुंबईतले बरेच जण मला ऐकवतात. कायद्यात बसतं, विवरणपत्रात शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, तेवढं विसरू नका. पण एमनॅव दीड-दोन असताना घेतलात तर साडेसतरा टक्के कर वाचवण्यासाठी तुम्ही पन्नास-शंभर टक्के जादा मोजले. ते जादा विरघळायला बिटकॉइन पडावाच लागतो असं नाही.

प्रीमियम उलटला की काय होतं, हे एकदा दिसलेलं आहे, म्हणून अंदाजाची गरज नाही. २०२०मध्ये ग्रेस्केल या अमेरिकी कंपनीचा बिटकॉइन ट्रस्ट, म्हणजे नाणी साठवून त्यांवर युनिट देणारा फंड, असाच प्रीमियमवर चालायचा. मोठे फंड मूळ किमतीला युनिट घ्यायचे, सहा महिने थांबायचे आणि बाजारात चढ्या भावाने विकायचे. त्या नफ्यासाठी ट्रस्टमध्ये नाणी ओतली जात होती आणि लोक त्याला "संस्थांची अतोनात मागणी" म्हणत होते. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस प्रीमियमचा डिस्काउंट झाला, म्हणजे युनिट आतल्या नाण्यांपेक्षा स्वस्त मिळू लागलं. त्या दिवसापासून ट्रस्टमध्ये नवी नाणी जाणं जवळजवळ बंद पडलं, आणि त्याच्यावर कर्ज काढून बसलेला थ्री अॅरोज कॅपिटल हा फंड जून २०२२मध्ये कोसळला. २०२२अखेर डिस्काउंट ५० टक्क्यांच्या जवळ गेला होता. मागणी बिटकॉइनची नव्हतीच, प्रीमियमची होती.

२०२५च्या उत्तरार्धात तेच छोट्या-छोट्या रूपांत पुन्हा दिसलं. नाकामोतो या नावाने बिटकॉइन साठवू पाहणाऱ्या काइंडलीएमडीचा शेअर १५ सप्टेंबरला एका दिवसात ५५ टक्के पडला, कारण सुरुवातीला खाजगीत स्वस्त शेअर घेतलेल्यांना त्या सुमारास ते विकायची मुभा मिळाली. सीक्वान्स या फ्रेंच चिप कंपनीने जुलैत नाणी घेतली आणि नोव्हेंबरात निम्मं कर्ज फेडायला ९७० नाणी विकली. "कधीच विकणार नाही" ही घोषणा पहिल्या सावकारापर्यंतच टिकते.

मग स्ट्रॅटेजी विकेल का? लगेच मान मुरगळली जाईल अशी तिची रचना नाही, हे मान्य केलं पाहिजे. तिचे परिवर्तनीय रोखे नाण्यांच्या तारणावर नाहीत, त्यामुळे भाव निम्मा झाला म्हणून कुणी मार्जिनसाठी, म्हणजे जादा तारण मागायला, फोन करत नाही. २०२२मध्ये ती मुख्यतः याच कारणाने तगली. पण २०२५मध्ये तिने आठ-दहा टक्क्यांचे प्रेफरन्स शेअर (ठरलेला लाभांश आधी मिळणारे) काढले, आणि त्यांचा लाभांश मुख्यतः डॉलरमध्ये द्यायचा असतो, सॉफ्टवेअरच्या धंद्यातून तो निघत नाही. नोव्हेंबरात बिटकॉइन ८० हजारांच्या जवळ आल्यावर कंपनीने शेअर विकून १४४ कोटी डॉलरची रोख गंगाजळी बाजूला काढली, फक्त लाभांश आणि व्याजासाठी. त्याच सुमारास मुख्य कार्यकारी फाँग ले यांनी सांगितलं की एमनॅव १च्या खाली गेला आणि भांडवलाची दुसरी वाट उरली नाही तर नाणी विकण्याचा पर्याय खुला आहे. ट्रेझरीवाला म्हणून मला हे दोन्ही निर्णय शहाणपणाचे वाटले. भावाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की बाजारातला सगळ्यांत मोठा नियमित खरेदीदार शेअर विकून आलेले डॉलर आता काही वेळा नाण्यांऐवजी बँकेत ठेवणार.

आपल्याकडे ही लाट आलीच नाही असं नाही. मुंबईची जेटकिंग, हार्डवेअर-नेटवर्किंगच्या क्लासमुळे आपल्यापैकी अनेकांना माहीत असलेली, २०२४च्या अखेरीस बिटकॉइन ताळेबंदात घेणारी पहिली भारतीय नोंदणीकृत कंपनी म्हणून पुढे आली. २०२५मध्ये तिने प्रेफरेन्शिअल, म्हणजे निवडक गुंतवणूकदारांना, शेअर देऊन पैसे उभे केले, त्यांतला काही भाग क्रिप्टोत घालायचा बेत होता. बीएसईने त्या शेअरच्या नोंदणीला नकार दिला. क्रिप्टो बाळगायला कंपन्यांना बंदी नाही. २०२१पासून कंपनी कायद्याखाली ते ताळेबंदात उघड करण्याचा नियमच आहे. पण भागभांडवल उभारून नाणी घ्यायची आणि पुन्हा भागभांडवल उभारायचं, या चाकाला बीएसईने इथे तरी खीळ घातली. काहींना हा मागासपणा वाटतो. छोट्या भागधारकाचे पैसे बघता मला तो वाटत नाही.

आणि तुमच्याकडे नॅस्डॅक-१००चा एखादा भारतीय इंडेक्स फंड असेल, तर डिसेंबर २०२४पासून स्ट्रॅटेजीचा लहानसा तुकडा तुमच्याकडे आधीच आहे. निर्देशांकात जागा मिळाली की इंडेक्स फंडांना भाव न बघता शेअर घ्यावा लागतो, आणि प्रीमियम टिकवणाऱ्या खरेदीत ही एक मोठी आहे. जागतिक निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआयने अशा कंपन्यांना निर्देशांकातून वगळायचा विचार २०२५च्या शेवटी मांडला आणि जानेवारी २०२६मध्ये तूर्त बाजूला ठेवला. बिटकॉइनच्या भावासाठी पुढच्या काळात मी या निर्णयावर नजर ठेवीन, आणि स्ट्रॅटेजी नियामकाला सोमवारी देते त्या फाइलिंगमध्ये नाण्यांच्या आकड्याआधी त्याच पानावरचा शेअर विक्रीचा तक्ता वाचीन: कुठले शेअर विकले, किती डॉलर आले, आणि त्यांतले किती नाण्यांत गेले.